संध्याकाळचे अडीच तास द्या : खो-खोच्या मुलींसाठी आयुक्त साहेबांना खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब,
आणि क्रीडा, भवन, मालमत्ता अशा ज्या ज्या खात्यांच्या टेबलांवरून आमची फाईल फिरली त्या सगळ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या मागच्या पालिकेच्या हॉलच्या शटरवर एक नोटीस चिकटवलेली दिसली. सदर मिळकत भाडेतत्त्वावर देणे आहे, इच्छुकांनी निविदा भराव्यात, खाली सही आणि शिक्का. माझ्याबरोबर सात-आठ मुली होत्या, त्यातल्या एकीने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "ताई, म्हणजे आता आपल्याला मिळणार ना?" मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं बघू, आणि त्यांना पळायला पाठवलं. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. साडेतीन वर्षांहून जास्त काळ आम्ही तुमच्या ऑफिसात बंद पाकिटातून अर्ज दिले, आता हे उघडपणे लिहितेय, म्हणजे पुण्यातल्या बाकीच्या लोकांनाही कळू दे की त्यांच्या पैशातून बांधलेल्या एका हॉलचं काय चाललंय.

मी कोण ते आधी सांगते. नव्वदच्या दशकात मी याच भागातून खो-खो खेळले. आमचे सर शाळा सुटली की सायकलवरून यायचे, हँडलला फक्कीची पिशवी अडकवलेली असायची, आणि मैदान आखायचं काम आमच्याकडेच असायचं. जिल्हा खेळले, राज्य खेळले, त्या सर्टिफिकेटवर चांगल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, नाहीतर घरात दहावीनंतर माझ्या लग्नाचंच बोलणं चालू होतं. आज एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, पाचला सुटते आणि थेट मुलांकडे येते. सर गेले, त्यांच्या माघारी आम्ही जुन्या खेळाडूंनी क्लब चालू ठेवला, रीतसर नोंदणी केलीय, दरवर्षी ऑडिट होतं, फी घेत नाही. सध्या ४६ मुलं येतात, त्यात ३१ मुली. बहुतेकींच्या आया आसपासच्या सोसायट्यांमध्ये पोळ्यांची, धुण्याभांड्यांची कामं करतात.

या शहराला खो-खो काय आहे हे मी सांगायला नको, पण तरी सांगते कारण तुमच्या एका ऑफिसात मला "तो लंगडीसारखा खेळ ना?" असं विचारलं गेलं होतं. १९१४ साली खो-खोचे नियम ठरवायचं काम हातात घेतलं ते पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याने. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला सीझन झाला तो आपल्या बालेवाडीला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, मुलांनी ५४-३६ ने, आणि दोन्ही टीमचे कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या रात्री आमच्या वस्तीत एका घराबाहेर टीव्ही काढून लावला होता, तीसेक पोरी रस्त्यावर बसून बघत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला नवीन ११ मुली आल्या. त्यांना उभं करायला माझ्याकडे जागा नव्हती. त्यातल्या चारच टिकल्या.

आता आमची तक्रार काय आहे ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट मैदानाची. शाळेचं पटांगण मातीचं होतं. दर मे महिन्यात आम्ही ती माती चाळायचो, काचा आणि खडे वेचायचो, पाणी मारून रोलर फिरवायचो, तेव्हा कुठे जूनमध्ये मुली त्यावर निर्धास्त पळायच्या. २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत तिथे पेव्हर ब्लॉक बसले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्हाला कोणी विचारलं नाही, शाळेच्या शिक्षकांनाही विचारलं नव्हतं म्हणतात. ज्याने खो-खो खेळलाय त्याला याचा अर्थ लगेच कळेल. या खेळात आठ जणी मध्यपाटीवर उकिडव्या बसलेल्या असतात, पाठीवर खो बसला की तिथून थेट पळत सुटायचं असतं, खांबाला हात घालून गर्रकन वळायचं असतं, आणि समोरची निसटतेय असं दिसलं की अंग झोकून देऊन सूर मारायचा असतो. मातीवर सूर मारला तर कोपर खरचटतं. पेव्हर ब्लॉकवर आमच्या एका मुलीने सवयीने सूर मारला आणि हनुवटीला पाच टाके पडले, पुढे तिच्या घरच्यांनी तिला पाठवणं बंद केलं, आणि त्यांची चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट हॉलची. पटांगणाला लागूनच हा हॉल आहे, व्यायामशाळेसाठी म्हणून बांधलेला, कोनशिला आहे, उद्घाटन झालंय, आणि त्यानंतर एकदाही तिथे कोणी व्यायाम केलेला आम्ही बघितला नाही. मागच्या खिडकीची एक काच फुटलीय, तिथून आत दिसतं. मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गुंडाळलेले जुने फ्लेक्स, कचऱ्याच्या दोन तुटलेल्या ढकलगाड्या, आणि कोपऱ्यात अजून प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं ट्रेडमिलसारखं काहीतरी मशीन. आत दोन टॉयलेट आहेत, हे तिथे काम केलेल्या प्लंबरने सांगितलं. माझ्या मुली अडीच तास प्रॅक्टिस करतात आणि त्या वेळात जायला त्यांना कुठलीही सोय नाही. ज्या दिवसांत अडचण असते त्या दिवसांत त्या येतच नाहीत, म्हणजे महिन्यातले चार-पाच दिवस असेच जातात, आणि तिथून वीस पावलांवर दोन टॉयलेट कुलपात आहेत. या एका गोष्टीचा मला जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही.

तिसरी गोष्ट मॅटची, ती जरा सविस्तर सांगते.

ब्लॉक बसल्यावर आम्ही ठरवलं की रडत बसण्यापेक्षा मॅट घेऊ, नाहीतरी आता मोठ्या स्पर्धा मॅटवरच होतात. खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, म्हणजे मीटरभराचे चौकोनी तुकडे घेतले तर चारशेच्या वर लागतात. आम्ही २०० जमवले. जुन्या खेळाडूंनी पैसे दिले, आमच्या इथल्या एका गणेश मंडळाने त्या वर्षी सजावट कमी करून पंचवीस हजार दिले. अर्धं मैदान तर अर्धं, त्यावर खांबाची प्रॅक्टिस, उठण्याची प्रॅक्टिस, सूर, सगळं होतं. पण २०० मॅट रोज ठेवायचे कुठे? हॉल मागितला तो मुळात यासाठी. तो मिळेना म्हणून एका खेळाडूच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये थप्प्या लावल्या, नदीच्या बाजूला.

२५ जुलै २०२४ आठवत असेल तुम्हाला. आदल्या रात्रभर पाऊस, वरून खडकवासल्याचं पाणी सोडलेलं, सिंहगड रोडच्या बाजूला लोकांच्या घरात पाणी शिरलं. पहाटे आमच्या ग्रुपवर एक फोटो आला, पार्किंगमध्ये कमरेएवढं गढूळ पाणी आणि त्यावर आमचे निळे-लाल मॅट तरंगतायत. लोकांचे संसार भिजले होते, त्यापुढे आमचं नुकसान ते काय, हे मला कळतं आणि आम्ही दोन दिवस लोकांच्या घरातला चिखलच काढत होतो. तिसऱ्या दिवशी मॅट गोळा करायला गेलो. काही गेटमधून वाहून पुढच्या गल्लीत गेले होते, काहींच्या एकमेकांत अडकवायच्या दात्यांमध्ये चिखल घट्ट बसलेला, मुली जुने टूथब्रश घेऊन एकेक दाता साफ करत बसल्या होत्या. तीन गच्च्यांवर वाळत घातले. १२७ वाचले. उरलेल्यांना असा वास सुटला की ते टाकून द्यावे लागले. आणि त्या दिवशी आपला हॉल, जो चांगला चार फूट जोत्यावर आहे, कोरडा ठणठणीत होता.

त्यानंतर एका ओळखीच्यांच्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही दीड वर्षाच्या आसपास काढलं. आता तिथे रीडेव्हलपमेंट सुरू झालंय, पत्रे ठोकलेत. सध्या आम्ही बंद गल्लीत डांबरावर पळतो आणि सूर मारायचा नाही अशी मुलींना ताकीद दिलीय.

चौथी गोष्ट आमच्या फाईलची. पहिला अर्ज जून २०२२ चा, आवक शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे. तेव्हा मार्चमध्येच नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले होते, म्हणजे ज्यांच्या घरी जाऊन बसावं असं कोणी उरलं नव्हतं, जे काय ते ऑफिसातच. क्रीडावाले म्हणाले जागा भवनच्या ताब्यात आहे, भवनने सांगितलं मालमत्तेचा अभिप्राय आणा, मालमत्तेतून कळलं की हॉल कुठल्या हेडखाली बांधला ते बघावं लागेल, मग क्षेत्रीय कार्यालय, मग परत क्रीडा. आतापर्यंत ११ अर्ज झालेत. माझ्या वर्षभराच्या निम्म्या रजा यात गेल्या. मध्ये एक साहेब खरंच चांगले होते, जागेवर येऊन बघून गेले, टिपणी लिहितो म्हणाले, आणि पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली. २००६ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, प्रभागातलं ५ लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं, तर तिथेही दोनदा फॉर्म भरला, पटांगणाचा एक भाग परत मातीचा करा म्हणून. काम यादीत आलं नाही, का आलं नाही तेही कळलं नाही. माहिती अधिकारात विचारलं की या भागात पालिकेचे असे किती हॉल बंद आहेत आणि किल्ल्या कोणाकडे आहेत. कायद्याने ३० दिवसांत उत्तर यायला हवं, ते ७१ व्या दिवशी आलं, "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही."

साहेब, आम्हाला आजपर्यंत कोणी "नाही" म्हटलेलं नाही. लेखी नकार मिळाला असता तर अपील तरी करता आलं असतं, दुसरीकडे तरी हातपाय मारले असते. दर वेळी "बघतो, प्रक्रियेत आहे, पुढच्या महिन्यात या." आणि खेळात वय थांबत नाही हे मला तुम्हाला कसं समजावून सांगावं ते कळत नाही. किशोरी गट १४ वर्षांखालचा, कुमारी १८ खालचा. आमच्याकडे एक मुलगी आहे, सगळे तिला बारकी म्हणतात, पहिला अर्ज केला तेव्हा ती साडेअकराची होती. एवढीशी, पण हुलकावणी अशी द्यायची की मोठ्या मुली दोन खांबांमध्ये नुसत्या भेलकांडायच्या. मी सरांच्या फोटोसमोर उभं राहून म्हटलं होतं की ही किशोरीत महाराष्ट्राकडून खेळणार. ती एकदाही जिल्ह्याच्या निवडीला धड तयारी करून जाऊ शकली नाही. किशोरी गटातली तिची सगळी वर्षं तुमच्या टेबलांवर गेली. दहावीचे खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हे सगळं तिच्यासारख्या पोरींसाठीच असतं ना, पण तिथपर्यंत पोचायला आधी निवडीत नाव यावं लागतं.

आता या निविदेबद्दल. मालमत्ता विभागात मला समजावून सांगितलं गेलं, आणि नीट सांगितलं, त्याबद्दल आभार, की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे पालिकेची मिळकत बाजारभावापेक्षा कमी भाड्याने देता येत नाही, रेडीरेकनरच्या सरकारी दराप्रमाणे जे बसेल ते आणि त्यावर जो जास्त बोली लावेल त्याला. मी अकाउंट्समधली आहे, हा नियम का आहे ते मला पटतं. कोणाच्या तरी मर्जीने मोक्याच्या जागा वर्षाला एक रुपयाने वाटल्या जाऊ नयेत हे बरोबरच आहे. पण आम्ही हॉल भाडेपट्ट्याने मागतच नाहीये! ताबा नको, करार नको, आमच्या नावाची पाटी नको. आम्हाला आठवड्यातले सहा दिवस, साडेपाच ते आठ, तो वापरायला हवाय. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून आहे, तिथे नाटकवाले एका प्रयोगाचं भाडं भरतात, प्रयोग करतात आणि सामान उचलून जातात, त्यासाठी कोणी बालगंधर्वचा भाडेपट्टा मागत नाही. जे रंगमंदिराला चालतं ते एका व्यायामशाळेला का चालू नये? सकाळी तिथे ज्येष्ठ नागरिकांनी योगासनं करावीत, दुपारी बायकांचे बचत गट बसावेत, रात्री आठनंतर अभ्यासिका चालू दे, हॉल एवढा मोठा आहे की सगळ्यांना पुरेल. निविदेत तो एका माणसाकडे गेला तर तिथे महिन्याला दोन हजार फीचं जिम होणार, आणि ते वाईट आहे असं नाही, पण ते या पोरींसाठी नसेल. आणि जागा मुळात व्यायामशाळेची, लोकांच्या करातून बांधलेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कामांची जी यादी बाराव्या अनुसूचीत घातली त्यात बागा आणि खेळाची मैदानं नावाने लिहिलेली आहेत, भाड्याचं उत्पन्न वाढवणं हे काम मला त्या यादीत सापडलं नाही.

कोणी म्हणेल की बालेवाडीला एवढं मोठं क्रीडा संकुल आहे, तिथे जा. बालेवाडी आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण बारा वर्षांच्या मुलीने शाळा सुटल्यावर दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि रात्री नऊला परत यायचं, तिची आई पाठवेल का? तुमच्या घरातली मुलगी तुम्ही पाठवाल का? मोठं संकुल तयार खेळाडूसाठी असतं, खेळाडू तयार होतो तो घरापासून चालत जाता येईल अशा मैदानावर. आमचे सर दुसरं काहीच करत नव्हते, फक्त रोज सायकलवर यायचे आणि आम्ही चालत जायचो.

तर आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि यातली एकही अशी नाही की जिला मोठा खर्च लागेल.

या हॉलची निविदा थांबवा आणि आधी लोकांची एक बैठक त्याच हॉलमध्ये घ्या, कुलूप काढून, म्हणजे आलेल्या लोकांना आतली अवस्थाही दिसेल. हॉल तासाच्या भाड्याने द्यायचं वेळापत्रक करा, नोंदणी असलेल्या आणि फी न घेणाऱ्या संस्थांसाठी परवडेल असा दर ठेवा, तो आम्ही भरू, लाइटचं बिलही आमच्या वेळेपुरतं भरू, आणि आमच्या हातून काही मोडलं तर भरपाईची हमी लिहून देऊ. मॅट आणि चार खांब ठेवायला आतला एक कोपरा द्या, दहा बाय दहा फूट पुरे. टॉयलेट तर उद्यापासून उघडा, त्याला कुठल्या खात्याचा अभिप्राय लागत असेल असं मला वाटत नाही. पटांगणाचा ३० बाय २० मीटरचा तुकडा परत मातीचा करा, ब्लॉक उचलायला आम्ही स्वतः येऊ, माती चाळायची आम्हाला सवय आहे. आणि पालिकेचे जे जे हॉल, समाजमंदिरं, व्यायामशाळा बंद आहेत त्यांची यादी, क्षेत्रफळ आणि किल्ली कोणाकडे आहे यासह, वेबसाइटवर टाका. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती लोकांनी न मागता द्यायची असते. ही शेवटची मागणी फक्त आमच्यासाठी नाही, कारण हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घराजवळ असं एखादं शटर असेल असा माझा अंदाज आहे, आणि असेल तर त्यांनीही एकदा जाऊन विचारावं.

यातलं जे जमणार नाही ते जमणार नाही असं लेखी सांगा, कारणासकट आणि तारखेसकट. ज्या अधिकाऱ्याकडे हा विषय आहे त्या एका अधिकाऱ्याचं नाव आम्हाला कळवा, म्हणजे सहा टेबलं फिरावी लागणार नाहीत.

निविदा भरायची शेवटची तारीख या महिन्याची २८ आहे. त्याआधी एखाद्या संध्याकाळी स्वतः या, गाडी लांब लावा कारण गल्लीत आम्ही पळत असतो. साडेपाचला सुरू करतो, रविवार सोडून रोज. बारकी आता लहान मुलींना खांबावर वळायला शिकवते, सध्या खांब नाही म्हणून लाइटच्या खांबावर शिकवते.

आपली,
खो-खो शिकवणारी एक ताई,
क्लबच्या ४६ मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या वतीने
पुणे